चुलीपुढची जागा

माझी आई तांड्यातल्या नवऱ्या मुलींना रडायला शिकवायची. हे पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरतो. पण ते खरंच तिचं काम होतं. आमच्या बंजारा समाजात सासरी निघालेली मुलगी नुसती रडत नाही. ती एकेकाच्या गळ्यात पडून शब्दांत रडते, सुरात रडते. आईसाठी वेगळे शब्द, बापासाठी वेगळे, भावासाठी वेगळे, गोठ्यातल्या बैलासाठीसुद्धा वेगळे. त्याला ढावलो म्हणतात. तो आपोआप येत नाही, शिकावा लागतो, आणि कळमनुरीच्या आसपासच्या तांड्यांतून शिकवायला याडीला बोलावणं यायचं. आम्ही आईला याडी म्हणतो.

लग्न ठरलं की मुलीला आमच्या घरी आणून बसवायचे. याडी समोर सूप घेऊन तूर निवडत बसायची. एक ओळ म्हणायची आणि थांबायची. ती ओळ मुलीनं उचलायची. आम्ही लहान पोरी कुडाच्या भिंतीआडून ऐकायचो आणि तोंडात ओढणी कोंबून हसायचो. आईसाठीची पहिली ओळ सगळ्यांना एकच होती. ‘याडी, तुझ्या चुलीपुढची माझी जागा आता कुणाला देशील?’ त्याच्या पुढच्या ओळी मात्र ती प्रत्येकीचं घर बघून बांधायची. कुणाच्या दारात कोणतं झाड, कुणाचा बाप काय बोलून चिडवायचा, कुणाच्या आईचं एक लेकरू वारलेलं, हे सगळं ती आधी विचारून घ्यायची. आणि तिचा एक नियम होता. पहिली ओळ गळ्यातून नीट आल्याशिवाय दुसरी द्यायची नाही. मुलगी लाजायची, हसायची, खाली बघायची. याडी थांबून राहायची, तूर निवडत. तिला घाई करताना मी कधी पाहिलं नाही.

त्याबद्दल तिला एक नारळ आणि चोळीचा खण मिळायचा. पुढे लग्नात डीजे आले. पाठवणीच्या वेळी एवढा दणका सुरू असतो की गळ्यात पडून कुणी काय म्हणतंय हे ज्याच्या गळ्यात पडलोय त्यालाही ऐकू येत नाही. याडीचं बोलावणं कमी होत होत थांबलं. तिनं तक्रार केली नाही, पण वरात रस्त्यानं गेली की ती उठून आत जायची.

माझं लग्न परभणीला झालं, कचेरीत सह्या करून. कृषी महाविद्यालयात सोबत शिकणारा मुलगा, आमच्यातला नव्हता. घरी नंतर कळवलं. बापू, म्हणजे माझे वडील, महिनाभर बोलले नाहीत. याडी त्याच्याही पुढं अबोल राहिली, आणि जेव्हा बोलली तेव्हा रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘तुझा ढावलो राह्यला.’ घरात आम्ही गोरमाटी बोलतो. तिचं बोलणं इथं आमच्या भागातल्या मराठीत देतेय, कारण तांड्याबाहेर, बाजारात, दवाखान्यात ती अशीच बोलायची.

मी नांदेडला शेतमाल साठवणाऱ्या एका कंपनीत लागले. गोदामात सोयाबीनचा ओलावा तपासायच्या कामापासून सुरुवात केली आणि वर्षं जात गेली तशी विभागाची मॅनेजर झाले. नवरा नांदेडलाच कॉलेजात शिकवतो. बापू गेले. याडी तांड्यावर माझ्या भावाकडे राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी तिचं हृदय थकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. पंप कमी काम करतोय म्हणाले. तिच्या पायांवर सूज यायची आणि रात्री तीन उशा लागायच्या.

त्याच सुमाराला पुण्याच्या मुख्य कार्यालयात सगळ्या राज्याची गोदामं सांभाळणारी जागा निघाली. मला ती हवी होती. उगाच आढेवेढे घेत नाही, खूप हवी होती. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं माझ्या पुढं निघून गेली होती, कारण त्यांना बोलता येत होतं. मी काम करायची आणि मीटिंगमध्ये गप्प बसायची. माझ्या साहेबांनीच सांगितलं, की या वेळी बाहेरचेही उमेदवार आहेत, मोठ्या मोठ्या कंपन्यांतले, नुसत्या कामावर निभावणार नाही, मुलाखतीची तयारी करा. कंपनीनं मला एक प्रशिक्षक बाई लावून दिल्या. पुण्यातल्या. आयुष्यभर लोकांच्या मुलाखती घेतलेल्या आणि आता मुलाखत द्यायला शिकवणाऱ्या.

त्याच दिवसांत याडी दवाखान्यातून घरी आली, म्हणून मी रजा टाकून तांड्यावर राहायला गेले. आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. मी टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायची, मोबाइल विटेला टेकवून ठेवायची आणि त्या बाईंशी बोलायची. हळद शिजवायचे दिवस होते, सगळ्या शिवारात वाफ आणि वास. खाली अंगणात याडीची बाज. जिन्याला दार नव्हतं, त्यामुळे माझा शब्द न् शब्द तिच्यापर्यंत जायचा. उत्तरं मी इंग्रजीत म्हणायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण ऐकायचा तिला आयुष्यभराचा सराव होता.

बाई चांगल्या होत्या, हे सांगायला हवं. पहिल्या दिवशी त्यांनी माझा सगळा इतिहास विचारला, आणि मी बोलता बोलता याडीच्या बोटाचं सांगून बसले. माझ्या दहावीच्या साली याडी ऊसतोडीला गेली होती. परीक्षेआधी मला एकटं वाटू नये म्हणून ती टोळी सोडून परत आली, आणि आली ती हाताला फडकं गुंडाळून. निघायची घाई, त्यात कोयता सटकला आणि डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं. तशा हातानं तिनं मला परीक्षेचे सगळे दिवस भाकरी करून घातली.

बाई म्हणाल्या, ‘मॅडम, हे सोनं आहे. हे तुम्ही आजवर कुठंच बोलला नाहीत?’

‘नाही.’

‘तुमच्याबद्दल सांगा, असं विचारतील तेव्हा हेच सांगायचं. दोन मिनिटांत. आणि ते बोट पहिल्या मिनिटात येऊ द्या.’

मला राग आला. तसाच तो गिळला, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. बोटापासून सुरुवात, मग शिक्षण, मग गोदाम, मग मी विभागात काय बदललं, मग मला पुढं काय करायचंय. प्रत्येक प्रसंग तीन टप्प्यांत: अडचण काय होती, मी काय केलं, त्यातून काय झालं. बोट सांगताना किंचित थांबायचं, डावा हात थोडा उचलायचा. आणि उत्तर संपलं की गप्प बसायचं. ‘शांतता भरू नका,’ त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. ‘समोरचे गप्प राहिले की आपल्याला काहीतरी बोलावंसं वाटतं. बोलायचं नाही. ती शांतता तुमची आहे.’ गप्प बसणं मला आधीपासून येत होतंच. आता ते रुबाबात करायला शिकले.

एका दुपारी मी खाली उतरले तर याडी म्हणाली, ‘ते सारखं सारखं तू काय म्हनून राहिली?’

‘माझी ओळख सांगून राहिले. मोठे साहेब विचारणार आहेत, तुमच्याबद्दल सांगा म्हणून.’

‘इतकी वर्सं त्यायच्याकडं काम करून राहिली, अन् त्यायला ठावं न्हाई?’

मला हसू आलं. ती हसली नाही. तिनं आपला डावा हात उचलून माझ्यापुढे धरला आणि अर्धं बोट हलवलं. ‘आन् माझं बोट तिकडं काहून नेऊन राहिली?’

तिला शब्द कळले नव्हते, पण मी रोज त्याच जागी थांबतेय आणि तोच हात उचलतेय हे तिनं जिन्याच्या खालून, टाकीच्या कडेनं पाहिलं होतं. मी म्हणाले, ‘आपण किती तकलीफ काढली ते त्यांना कळावं म्हणून.’

‘तकलीफ म्या काढली. नोकरी तुला पायजे.’ हे मात्र ती हसत म्हणाली, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले आणि बराच वेळ चुलीसमोर उभी राहिले. गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी याडीनं चूल मोडू दिली नव्हती.

चहा घेताना तिनं आपणहून विषय काढला. ‘किती जन हायेत?’

‘पाच.’

‘वळखीचे?’

‘दोघं.’

‘मंग बाकीच्यायच्या गळ्यात कशी पडशील?’ तिनं थोडा विचार केला. ‘ने माझं बोट. इथं तरी काय कामाचं हाय. पन सगळ्यायला एकच म्हनू नको. ज्याला म्हनशील त्याचं घर बघून म्हन.’

मी हे बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेही दोन मिनिटांत बसवलं असतं.

मुलाखत पुण्यात झाली. गार खोली, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची छोटी बाटली. माझ्याबद्दल सांगा, असं अध्यक्षांनी विचारलं आणि मी सुरू झाले. कुठंही अडखळले नाही. बोटाच्या जागी थांबले. माझा डावा हात आपोआप उचलला गेला. टेबलाच्या टोकाला बसलेल्या, मला अनोळखी असलेल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटत नाही याचं नवल मात्र वाटलं. गच्चीवर इतक्यांदा म्हणून म्हणून त्यातलं पाणी आटून गेलं होतं. मग गोदामांचे, माणसांचे, नुकसानीचे प्रश्न झाले. ते सोपे होते, ते माझं रोजचं काम होतं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, ‘आई आहेत?’

‘हो. आहेत.’

खोली गप्प झाली. मी ती शांतता भरली नाही.

जागा मला मिळाली. फोन आला तेव्हा मी शिरड शहापूरच्या रस्त्याला होते. गाडी बाजूला घेतली आणि आनंदानं एकटीच हसले. मग, बाहेरच्या उमेदवारांकडे मोठी नावं होती आणि माझ्याकडे याडीचं बोट होतं, असं काहीतरी मनात येऊन बसलं आणि ते आजही पुरतं उठलेलं नाही. नवरा म्हणाला, वेडी आहेस, तुझ्या कामावर मिळाली. त्याचं बरोबर असेल. पण खोलीत तो नव्हता.

याडीला मात्र कसलीच शंका नव्हती. तिनं भावाला गूळ आणायला पिटाळलं आणि बाजेवर बसून जाणाऱ्या येणाऱ्याला बोलावून सांगितलं, ‘माझी लेक पुन्याला मोठी सायेब झाली.’ संध्याकाळी अंगण रिकामं झाल्यावर तिनं माझा हात धरून मला बाजेवर बसवलं.

‘कवा जातीस?’

‘महिन्याच्या आत.’

‘आता तरी चार दिस माझ्यापाशी बस.’

‘बसलेय की.’

‘असं न्हाई. बसतेत तसं.’

नवऱ्या मुली तिच्यापुढे बसायच्या तसं, हे मला जरा उशिरा कळलं. मग मी हसायला लागले. ‘याडी, मी पन्नाशीला आले. माझं लग्न होऊन जमाना झाला. सासरी थोडीच जातेय मी?’

‘मंग काय झालं? लांब तर जाऊनच राहिली. नांदेडला व्हतीस तवा हाक मारली की येत व्हतीस, तवा मी गप व्हते.’ ती माझ्याकडे न बघता बोलत होती. ‘साऱ्या तांड्याच्या पोरी माझ्यापाशी शिकल्या. माझ्याच गळ्यात कोनी पडलं न्हाई. तुझा मी बांधून ठेवलाय. लय वर्सं झाले.’

‘मग म्हणून दाखव.’

‘असा दाखवत न्हाईत त्याला.’

मी म्हणाले, दिवाळीला नक्की बसते. मनापासून म्हणाले. हाताशी खरंच वेळ नव्हता. हट्टा गावच्या गोदामातला माल, शिरड शहापूरचं नवं बांधकाम, सगळं दुसऱ्याच्या हवाली करायचं होतं, आणि पुण्याहून दिवसभर फोन सुरू झाले होते. निरोप घ्यायला तांड्यावर गेले तीही कंपनीच्या गाडीनं, वाटेत घटकाभर उतरावं तशी.

याडी आंघोळ करून, ठेवणीतली ओढणी घेऊन अंगणात उभी होती. तिला उभं राहवत नव्हतं, भोजाई, म्हणजे माझी वहिनी, तिला मागून धरून होती. मी पाया पडले. ती वाकली नाही, तिनं मला उठवलं आणि दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. आणि ती म्हणाली, बारीक, पण सुरात, श्वास लागत असतानाही एकही सूर न सोडता म्हणाली, ‘याडी, तुझ्या चुलीपुढची माझी जागा आता कुणाला देशील?’

माझी ओळ. माझ्या तोंडची ओळ ती स्वतःला उद्देशून म्हणत होती. आणि म्हणून झाल्यावर ती थांबली.

ते थांबणं मी लहानपणापासून ओळखत होते. कुडाच्या भिंतीआडून हजारदा ऐकलं होतं. आता मुलीनं उचलायचं. गाडीवाला सीटवर बसून बघत होता. शेजारच्या बाया दारात आल्या होत्या. मनात भलतीच भीती होती, की हे म्हटलं तर मी खरंच गेले असं होईल, न म्हटलं तर दिवाळीला परत येणं पक्कं राहील. हातातला फोन थरथरत होता.

तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा थांबली. तूर निवडत थांबायची तशीच, घाई नसल्यासारखी. तिची छाती माझ्या छातीला लागून वरखाली होत होती.

मी म्हणाले, ‘याडी, गोळ्या वेळेवर घेत जा.’

ती बाजूला झाली. माझ्या तोंडावरून तिनं डावा हात फिरवला, अर्ध्या बोटासकट. ‘व्हय, घेते,’ म्हणाली. ‘जाय आता. गाडी खोळंबली.’

दिवाळीला चार दिवस जायचं ठरलं होतं. पाऊस लांबला, गोदामांत माल भिजला, मी एका रात्रीपुरती जाऊन आले. तिनं ढावल्याचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. पुण्यात माझं बरं चाललं होतं. नव्या लोकांच्या स्वागताच्या कार्यक्रमात मला माझा प्रवास सांगायला उभं करायचे. मी सांगायची. त्या दोन मिनिटांनी दर वेळी कुणीतरी डोळे पुसायचं.

थंडीत एका पहाटे भावाचा फोन आला. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि माझ्यासाठी सगळे थांबले होते. तिला अंगणात ठेवलं होतं, तीच ठेवणीतली ओढणी घालून. बायांनी मला वाट करून दिली. त्यातल्या कितीतरी जणी तिच्यापाशी शिकून सासरी गेलेल्या, काही माहेरी आल्या होत्या म्हणून भेटल्या, आता केस पिकलेल्या. ढावलो जिवंत माणसाच्या गळ्यात पडून म्हणतात. मयताला तो म्हणत नाहीत, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी खाली बसले आणि तिच्या गळ्यात हात टाकले. ती गार होती. मला काही आठवावं लागलं नाही. ‘याडी, तुझ्या चुलीपुढची माझी जागा आता कुणाला देशील?’ पूर्ण आली, सुरात आली, तिनं ‘नीट आली’ म्हटलं असतं अशी आली. कुणी मला अडवलं नाही.

मग मी थांबले. पुढची ओळ तिनं द्यायची होती.